चौथ्या मजल्यावरील रक्तदाब

माणसाच्या आयुष्यात काही गोष्टी योग्य वयात प्राप्त झाल्या तरच त्यांस शोभा असते. मिसरूड सतराव्या वर्षी फुटावे, कर्ज पस्तिशीत व्हावे, कवळी साठीनंतर बसावी. आणि रक्तदाब तर पूर्वी बहुधा पेन्शनीच्या कागदांबरोबरच घरी येत असे. आमच्या लहानपणी ज्या गृहस्थास ‘ब्लडप्रेशर’ असे त्याचा वाड्यात केवढा दरारा! त्याच्यासमोर मुलांनी मोठ्याने बोलावयाचे नाही, तार आली तर ती प्रथम दुसऱ्याने फोडून वाचावयाची, वेगळ्या पातेलीत शिजविलेल्या अळणी आमटीविषयी तो दोन्ही वेळच्या जेवणात जी तक्रार करी ती साऱ्या पंक्तीने माना खाली घालून ऐकावयाची, आणि भाऊबंदकीच्या वादात त्याचा पक्ष कितीही लंगडा असला तरी ‘आता त्यांना त्रास नको’ या एका सबबीवर निकाल त्याच्यासारखा द्यावयाचा, असा रिवाज होता. हा मानमरातब त्याने तीस-बत्तीस वर्षे सरकारची चाकरी करून, बदल्या सोसून आणि तीन मुलींची लग्ने उरकून कमावलेला असे. तो कोणास फुकट मिळत नसे.

अलीकडे ही शिस्त पार मोडली आहे. ज्यांची नोकरी अद्याप कायम व्हावयाची आहे, ज्यांच्या लग्नाच्या पत्रिका अजून छापखान्यात आहेत, असे तरुण या मानाचे सर्रास वाटेकरी होऊ लागले आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दर १०० पुरुषांत २४ आणि दर १०० स्त्रियांत २१ जणांचा दाब वाढलेला, अथवा औषधाने आवरून धरलेला, आढळला. यांत आमच्यासारखे जुने मानकरी बहुसंख्य असणार, हे उघड आहे. परंतु मोजणीस आरंभ वयाच्या १५ व्या वर्षापासून केलेला आहे, यावरून काय ते समजावे.

आमच्या भाच्याचेच उदाहरण घ्या. वय २९, नोकरी हिंजवडीस संगणकाच्या कचेरीत, वास्तव्य आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर, सोबत आई, म्हणजे आमची धाकटी बहीण, आणि आजी. त्याच्या कामाचे स्वरूप असे की, अमेरिकेतील माणसे जागी होतात तेव्हा याने जागे असावे, आणि येथील माणसे जागी होतात तेव्हाही याने झोपलेले नसावे. घरून निघून मोटारीत बसावे, कचेरीत पोहोचून खुर्चीत बसावे, परतताना वाकडच्या पुलापाशी तासभर पुन्हा मोटारीत बसावे, आणि घरी आल्यावर ‘दिवसभर बसून बसून अंग आंबलं’ असे म्हणत पलंगावर बसावे, हा त्याचा आन्हिक क्रम. या तरुणाने आयुष्याचा विमा उतरविण्याचे मनात आणले, आणि विम्याच्या डॉक्टरांनी दंडास पट्टा बांधून वरचा दाब १४६ व खालचा ९४ असा शेरा कागदावर मारला. १४० आणि ९० ही आपल्याकडील हद्द. अमेरिकेतील हृद्रोगतज्ज्ञांच्या संस्थांनी तर २०१७ साली ती १३० व ८० वर आणून ठेवल्यामुळे रात्री निरोगी म्हणून निजलेले कोट्यवधी अमेरिकन सकाळी रुग्ण म्हणून उठले. भाचा मात्र दोन्ही सरहद्दींच्या पलीकडे होता.

वस्तुतः दाबाचा धोका वैद्यांच्याही आधी कोणी मनावर घेतला असेल तर तो विमा कंपन्यांनी. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील कंपन्या उमेदवाराचा दाब मोजून हप्त्याचा विचार करू लागल्या, त्या वेळी पुष्कळ नामांकित वैद्य ‘वय अधिक शंभर’ या सोप्या बेरजेवर निर्धास्त होते. अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब कित्येक वर्षे चढत होता आणि त्यांचे खासगी वैद्य प्रकृती वयोमानाप्रमाणे उत्तम असल्याचे जाहीर करीत होते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने ते गेले, त्या दिवशी तो ३००/१९० पर्यंत गेलेला होता. वैद्यास रोग्याचे मन राखावे लागते; विमा कंपनीस फक्त स्वतःची तिजोरी राखावयाची असते, आणि त्यामुळे तिला पुष्कळ गोष्टी लवकर दिसतात.

सुशिक्षित तरुणाने जे करावे तेच भाच्याने केले: त्याने यंत्रावर अविश्वास दाखविला. ‘मामा, त्यांचं मशीनच जुनं होतं,’ असे म्हणून त्याने स्वतःचे नवे यंत्र मागविले, आणि त्याबरोबर आलेली नियमावली आम्हांस वाचून दाखविली. दाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू व व्यायाम वर्ज्य. लघुशंका उरकलेली असावी. पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पाठीस आधार, पावले जमिनीवर टेकलेली, पायावर पाय नाही. दंड हृदयाच्या पातळीस. आणि मापन चालू असता बोलू नये, कोणी बोलल्यास उत्तर देऊ नये. हे नियम ज्याने केले तो मराठी कुटुंबात कधी जेवावयास सुद्धा गेला नसावा, अशी आमची खात्री आहे.

पहिले मापन जेवणाच्या टेबलापाशी झाले. भाच्याने बाही वर सारून पट्टा गुंडाळला, कळ दाबली, आणि यंत्राने घुर्र करून पट्टा फुगवावयास घेताच बहीण स्वयंपाकघरातून पळी हातात घेऊनच बाहेर आली.

‘सरळ बस. पाठीला उशी घे.’

‘आई, बोलू नकोस ना.’

‘मी कुठं बोलतेय? मी सांगतेय.’

‘मापताना बोलायचं नसतं.’

‘मग तू कशाला बोलतोयस?’

एवढ्यात कोपऱ्यातून आजींनी, कालपासून आपल्या कानात कसेसेच होत असल्याने आपलाही दाब लगोलग बघावा, असा अर्ज गुदरला. यंत्राने आकडा दाखविला: १५८. नंतर आजींच्या सुरकुतलेल्या दंडास तोच पट्टा बांधला गेला. आजींचे वय ८१. आकडा १२४ आणि खाली ७६. आजी नातवाकडे अशा नजरेने पाहू लागल्या की, जणू दोघांची प्रमाणपत्रे चुकून बदलली गेली असावीत. अर्थात् आजींच्या आकड्यावरून जुन्या पिढीची थोरवी गाऊ नये. त्यांच्या पाठच्या दोन्ही भावांना दाबाने साठीच्या आतच गाठले होते. पण हा तपशील त्या प्रसंगी आजींनी सांगितला नाही, आणि आम्हीही काढला नाही.

स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे दाब मोजण्याचे काम त्या मानाने सोपे होते. त्याने एक घोडी जमिनीवर आडवी बांधली, तिच्या मांडीतील धमनीत पितळी नळी बसविली, तिला काचेची लांब नळी जोडली, आणि रक्त आठ फूट तीन इंच चढलेले पाहून तो वृत्तांत १७३३ साली छापून काढला. घोडीच्या भोवती तिचे नातेवाईक बसलेले नव्हते. पुढे १८९६ साली इटलीत रिव्हा-रोची यांनी दंडाचा पट्टा आणि पाऱ्याची नळी आणली, १९०५ साली रशियात कोरोत्कोव्ह यांनी धमनीवर श्रवणनलिका ठेवून आवाज ऐकण्याची युक्ती सांगितली, आणि तेव्हापासून मनुष्यप्राण्याचे कष्ट पुष्कळच हलके झाले. औषधांच्या बाबतीत तर आपल्या मुंबईचाही मान आहे: सर्पगंधेच्या मुळीने दाब उतरतो हे डॉक्टर रुस्तम वकील यांनी १९४९ साली विलायतेतील हृद्रोगविषयक नियतकालिकात रुग्णांच्या दाखल्यांनिशी मांडले, आणि जगभरच्या वैद्यांस त्या मुळीकडे पाहावे लागले.

परंतु आमच्या भाच्यास ना मुळी मिळाली ना गोळी. घरच्या डॉक्टरांनी दोन-तीन निरनिराळ्या दिवशी शांतपणे दाब मोजला, कारण काही माणसांचा दाब डॉक्टरांचा नुसता पांढरा कोट पाहून चढतो आणि काहींचा नेमका तेथेच उतरून घरी पुन्हा डोके वर काढतो; इतक्या लहान वयात दाब दिसला म्हणून मूत्रपिंडे व अंतःस्रावी ग्रंथी यांचीही झडती घेतली; घोरतोस काय, दारू किती, पाठदुखीच्या गोळ्या परस्पर घेतोस काय, असे उलटतपासणीचे प्रश्न विचारले; आणि अखेर तीन महिने व्यायाम करणे, मीठ कमी करणे, वजन उतरविणे व नंतर हजर होणे, असा हुकूम फर्मावला. तेव्हाही दाब न हटल्यास गोळी, आणि ती मुकाट्याने घ्यावयाची, अशी तंबीही दिली. गोळी न मिळाल्याचे भाच्यास मनापासून वाईट वाटले. गोळीस सकाळी पाण्याचा एक घोट पुरतो. व्यायामास सकाळच लागते.

येथून पूर्वतयारीचे पर्व सुरू झाले. आमचा अनुभव असा आहे की, व्यायामाच्या बाबतीत मराठी माणूस तयारीस जितका सढळ असतो तितका दुसऱ्या कशासच नसतो. प्रथम बूट आले. ते धावण्याचे होते, आणि चालण्यासाठी निराळे असावे लागतात असे कळल्यावर दुसरे आले. मागोमाग मनगटी घड्याळ आले, जे वेळ सोडून सर्व काही सांगते. त्या घड्याळाने रोज १०,००० पावलांचा तगादा लावला. हा आकडा कोणा धन्वंतरीने नाडी पाहून ठरविला असावा अशी भाच्याची भाबडी समजूत होती. वस्तुतः तोक्यो येथील ऑलिंपिकच्या दुसऱ्या वर्षी, १९६५ साली, एका जपानी कारखान्याने पावले मोजण्याचे यंत्र विक्रीस काढताना तो गोंडस आकडा त्याच्या नावातच घातला, आणि तेथून तो जगभर शास्त्र म्हणून फिरू लागला. आकड्यास आमची हरकत नाही, चालणाऱ्याचे त्यात नुकसान काहीच नाही. हरकत आहे ती रात्री पावणेबारास अपुरी राहिलेली पावले भरून काढण्यासाठी पलंगावर पडल्या पडल्या हात हालविणाऱ्या तरुणाविषयी. बहिणीने एकदा ते घड्याळ मनगटावर बांधून ताक घुसळले, तेव्हा लोण्याचा गोळा वर येईपर्यंत ती जिन्यापर्यंत जाऊन आल्याची नोंद झाली.

बूट आणि घड्याळ यांनी दाब उतरेना, तेव्हा जिमचा विचार पुढे आला. जिम म्हणजे आरशांनी मढविलेली, शीतयंत्राने गारठविलेली आणि गाण्यांनी दुमदुमणारी व्यायामशाळा. वर्षाची वर्गणी आगाऊ, आणि जानेवारीत भरणाऱ्यांची गर्दी फेब्रुवारीत कोठे जाते हे कोणी विचारावयाचे नाही, कारण त्या गळतीवरच शाळेचा जमाखर्च जुळतो. तेथील शिक्षकाने भाच्यास पहिल्याच आठवड्यात पायांनी वजन रेटण्याच्या यंत्रावर निजविले, आणि शेजारचा दणकट तरुण जेवढे रेटतो तेवढेच आपणही रेटावे असे भाच्याने श्वास कोंडून ठरविले. कॅनडात १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पिळदार देहाच्या तरुणांच्या धमनीत प्रत्यक्ष नळी बसवून, ते असेच वजन रेटीत असताना दाब मोजला होता; सरासरीने तो ३२०/२५० पर्यंत गेला, आणि एका वीराचा ४८०/३५० च्याही वर. क्षणभराचा तो उधाण-दाब निरोगी तरुण पचवून नेतो, आणि वजन बेताचे ठेवून ते उचलताना श्वास मोकळा सोडला तर वजनांचा व्यायामही दाबास हितकारकच ठरतो; परंतु ज्याला दाब उतरविण्यासाठी पाठविले आहे त्याने पहिल्याच आठवड्यात श्वास कोंडून शेजाऱ्याशी पैज लावणे म्हणजे वसुलीस पाठविलेल्या कारकुनाने कुळाकडूनच कर्ज काढण्यापैकी होय. त्यावर ‘अंगात जोम यावा’ म्हणून पाण्यात कालविण्याची जी भुकटी त्याला कोणी दिली, तिच्या डब्यावरच्या बारीक अक्षरांत कॅफिनचे जे प्रमाण छापले होते, त्यात अमृततुल्याच्या दुकानातील सकाळची सारी गिऱ्हाइके जागी राहिली असती.

या बाबतीत आपले पूर्वज अधिक समंजस होते. वाग्भटाने अष्टांगहृदयात बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसाससुद्धा थंडीच्या दिवसांत आणि वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम सांगितला आहे, व इतर ऋतूंत त्याहूनही कमी. आणि श्वास तोंडावाटे येऊ लागला की अर्धे बळ खर्च झाले, ही खूण सुश्रुताने घालून दिली आहे. आजचे तज्ज्ञही निराळे काही सांगत नाहीत: चालताना बोलता यावे परंतु गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग ठेवा, म्हणजे तो मध्यम व्यायाम. आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे असा व्यायाम जागतिक आरोग्य संघटनेने नेमून दिला आहे. अर्धी शक्ती हा शब्द ऐकताच आपल्या तरुणांस मात्र अपमान वाटतो. त्यांना एक तर सह्याद्रीचे सारे गड एका पावसाळ्यात सर करावयाचे असतात, नाही तर पलंगावरून उठावयाचे नसते. मधला अर्धा भाग त्यांच्या हिशेबातच नाही. महाविद्यालयातील पहिले वर्ष लोकमान्यांनी शरीर कमावण्यास वाहिले ही गोष्ट ते आवडीने सांगतात. टिळकांनी ते वर्ष रोजच्या रोज वाहिले, ही तीतील अडचणीची बाब तेवढी वगळतात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा एवढा प्रसार केला तो काही आठवड्याच्या शेवटी एकदम घालण्यासाठी नव्हे.

रोजचेपणाचे हे खूळ केवळ जुन्या लोकांचे नाही. त्यामागे शरीराचे स्वतःचे दफ्तर आहे. आपण चालू लागलो की स्नायू अधिक रक्त मागतात, धमन्यांच्या आतील नाजूक अस्तरातून त्यांना सैल करणारे द्रव्य सुटते, भिंती ढिल्या पडतात. आणि चालणे थांबले तरी ही ढील काही तास, कित्येकांच्या बाबतीत जवळजवळ दिवसभर, टिकते. आज चाललात तर उद्या सकाळपर्यंतची मुदत मिळाली. उद्या पुन्हा हजेरी. महिनोन्‌महिने हजेरी लागली म्हणजे मज्जातंतूंकडून धमन्यांना सुटणारे आवळण्याचे हुकूमच कमी होतात, आणि वाढलेला वरचा दाब सरासरीने ५ ते ८ मिलिमीटर उतरतो. हजेरी बंद केली तर काही आठवड्यांत थकबाकीसह परत येतो. पाच-आठ म्हणजे फार नव्हे, असे भाचा म्हणाला. गोळीनेही पुष्कळदा जेमतेम एवढेच उतरते, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा तो गप्प झाला.

अमेरिकेतील चार शहरांत १९८५-८६ साली १८ ते ३० वर्षांच्या पाच हजारांवर तरुण-तरुणींची नावनिशी लिहून घेऊन त्यांच्या मागे जे संशोधक लागले ते अजून लागलेलेच आहेत, आणि त्यांच्या वह्यांतून निघालेली गोष्ट तरुणांस फारशी सुखाची नाही. तारुण्यात जे आठवड्यास पाच तास, म्हणजे किमान नेमणुकीच्या दुप्पट, मध्यम व्यायाम करीत त्यांच्यात पुढे दाब जडण्याची शक्यता १८ टक्क्यांनी कमी दिसली, आणि ज्यांनी तो क्रम साठीपर्यंत चालविला त्यांच्यात त्याहूनही कमी; परंतु महाविद्यालय संपून नोकरी लागली की बहुतेकांचा व्यायाम उतरणीस लागतो आणि दाब चढणीस. नोकरी, लग्न, मूल आणि कर्ज ही चार ठाणी ओलांडताना जो तरुण आपले चालणे जप्तीतून वाचवितो, त्याचे आम्हांस खरोखर कौतुक वाटते. असे फार थोडे.

ज्यांस चालण्यासही वेळ नाही अशांसाठी २०२३ साली विलायतेतील क्रीडावैद्यकाच्या नियतकालिकात २७० प्रयोगांचा एकत्र आढावा आला, त्यातील निष्कर्ष वाचून आम्हांस आमच्या मराठी शाळेतील मास्तरांविषयी अकस्मात आदर उत्पन्न झाला. सर्व प्रकारच्या व्यायामांत दाब सर्वाधिक उतरविणारा प्रकार कोणता, तर स्नायू ताणून एकाच स्थितीत स्थिर राहण्याचा: वरचा दाब सरासरीने ८ व खालचा ४ मिलिमीटर. त्यातही भिंतीस पाठ टेकून, गुडघे वाकवून, खाली काही नसताना बसल्यासारखे राहावयाचे. म्हणजे मास्तर गणित चुकलेल्या मुलास ‘कर खुर्ची’ म्हणून जी शिक्षा देत, तीच ही! शास्त्रात दोन दोन मिनिटांच्या चार खुर्च्या, मध्ये विश्रांती, आठवड्यातून तीन वेळा, असा क्रम आहे. मास्तर विश्रांती देत नसत, आणि शिक्षा आठवड्याचे सहाही दिवस देत. आमच्या वर्गातील कित्येक ढ विद्यार्थी पुढे ठणठणीत का राहिले, याचा उलगडा असा उतारवयात झाला.

तथापि आमचा जीव जडला आहे तो लंडनच्या बसगाड्यांवर. जेरी मॉरिस नावाच्या वैद्याने १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये असे दाखविले की, दुमजली बसचा चालक आणि वाहक एकाच गाडीत, एकाच धुरात, जवळजवळ एकाच पगारावर दिवस काढतात; परंतु हृदयविकार चालकांस अधिक गाठतो, आणि वाहकांस कमी, व आला तरी उशिरा व सौम्य. कारण चालक दिवसभर बसून असतो, आणि वाहक तिकिटे फाडीत रोज कित्येक शे पायऱ्या चढउतार करतो. मूळचेच सुटलेले लोक चालकाच्या जागी भरती होत असतील, अशी शंका निघाली, तेव्हा मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी गणवेशांची दफ्तरे काढून विजारींच्या कमरेची मापे तपासली, आणि १९५६ साली त्यावर निबंधच लिहिला! चालकांच्या विजारी खरोखरच ऐसपैस निघाल्या, अगदी भरतीच्या वेळेपासून. शिंप्याची वही वैद्यकशास्त्राच्या साक्षीस उभी राहिल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. मुंबईकरांस हे सारे समजावून सांगणे नलगे. तेथे दुमजली बस १९३७ साली आली. चिमट्याचा टकटक आवाज करीत, ‘पुढे चला, पुढे चला’ असे ओरडत त्या वळणदार जिन्यावरून खालवर करणारा ढेरपोट्या वाहक आम्ही तरी पाहिलेला नाही. डिझेलवरच्या शेवटच्या दुमजली गाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये निरोपाचे हार घालून घेऊन गेल्या.

भाच्यास हा सारा वृत्तांत आम्ही एका रविवारी टेकडीवर सांगितला. वेताळ टेकडीवर पहाटे गेलेल्यास पुण्याचे रक्त कशाने चढते आणि कशाने उतरते ते एकाच ठिकाणी पाहावयास मिळते. पाय दाब उतरवीत असतात आणि तोंडे चढवीत असतात. चढावर बोलता यावे या मध्यम व्यायामाच्या कसोटीस पुणेकर सहज उतरतो, कारण धाप लागली तरी महानगरपालिकेवरचे त्याचे बोलणे खंडत नाही. खाली उतरल्यावर ही सर्व मंडळी मिसळीच्या दुकानात शिरतात, आणि फरसाण, तर्री, वर पापड व एक लिंबाचे लोणचे अशी प्रायश्चित्ते घेतात. दिवसाकाठी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभर, मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. खाल्ल्या मिठाला जागणे हा आपला जातिधर्म असल्याने आपण ते पुष्कळ खातो आणि मग रात्रभर जागतो. भाच्याने त्या दिवशी पापड परत केला. दुकानदाराने ‘तब्येत बरी नाही का?’ असे विचारले.

आणि इतके होऊनही जे घड्याळास, जिमला व आम्हांस साधले नाही ते आमच्या इमारतीच्या लिफ्टने साधले. ती बंद पडली. फळ्यावर ‘लिफ्ट नादुरुस्त आहे, सभासदांनी सहकार्य करावे’ अशी सूचना लागली. सुटा भाग परगावाहून यावयाचा होता, अंदाजपत्रकास मंजुरी यावयाची होती, आणि मंजुरीस सभा भरावयाची होती. दोन-अडीच महिने भाचा चौथ्या मजल्यावरून जिन्याने ये-जा करू लागला: सकाळी कचेरीस, मग विसरलेला डबा आणावयास, संध्याकाळी आईने सांगितलेली कोथिंबीर आणावयास, नंतर त्याच कोथिंबिरीबरोबर सांगितलेले आणि न आणलेले आले आणावयास. बहिणीच्या विस्मरणशक्तीचे वैद्यकीय मोल तेव्हा कोणाच्याच लक्षात आले नाही. रविवारच्या टेकडीत बुधवार आणि शुक्रवार मिसळले. डॉक्टरांकडे मुदतीत हजर होताच वरचा दाब १३४ आणि खालचा ८६ निघाला. गोळी पुढे ढकलली गेली, आणि घरच्या यंत्रावर दर आठवड्यास नोंद ठेवण्याचा हुकूम झाला.

पुढे सर्वसाधारण सभा भरली. लिफ्टच्या दुरुस्तीचा ठराव मांडला जाताच भाच्याने उभे राहून लंडनची बस, चालकांच्या विजारी आणि अमेरिकेतील पाच हजार तरुण यांचे दाखले देत, सभासदांच्या आरोग्याच्या दृष्टीने ही बाब आणखी सहा महिने तहकूब ठेवावी अशी उपसूचना मांडली. सचिवांनी अनुमोदक आहे काय, असे विचारले. पहिल्या मजल्यावरील सर्वांनी अनुमोदन दिले. तिसऱ्या मजल्यावरील निवृत्त उपजिल्हाधिकारी, ज्यांचा दाब अगदी शास्त्रोक्त वयात सुरू झालेला आहे, ते ताडकन् उभे राहिले आणि त्यांना बसविण्यासाठी दोघांना उठावे लागले. अशा वेळी, जिन्याच्या पायरीपायरीवर विश्रांती घेत केवळ या सभेसाठी खाली उतरलेल्या आजींनी नातवास विचारले,

‘लिफ्ट सुरू झाली म्हणजे जिना काय उपटून नेणार आहेत का रे?’

ठराव संमत झाला. उपसूचनेच्या बाजूने अखेर सूचकाचेही मत पडले नाही. लिफ्ट सुरू झाली त्या संध्याकाळी भाचा कचेरीतून आला आणि लिफ्टच्या दारापाशी जमलेल्या मंडळींकडे ढुंकूनही न पाहता जिन्याने थेट चौथ्या मजल्यावर गेला. तेथे गेल्यावर मनगटावर घड्याळ नसल्याचे त्याच्या ध्यानी आले. तेव्हा त्याने घरातून घड्याळ घेतले, मनगटावर बांधले, लिफ्टने खाली उतरला, आणि चढलेले हिशेबात यावे म्हणून पुन्हा पहिल्या पायरीपासून चढू लागला.